क्लेबसिएलाचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी का मिळतो : लॅबमधला माझा अनुभव

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, नमुना काउंटरवर ठेवला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना?" नाही मिळत. हाताने काम करणाऱ्या लॅबमध्ये आज दिलेल्या नमुन्याचा पूर्ण रिपोर्ट परवा हातात पडतो. सोलापुरातल्या एका लॅबमध्ये मी जंतूंच्या तपासणीचे टेबल सांभाळते. मधल्या दोन रात्रींत नेमके काय चालते, हे क्लेबसिएला नावाचा जंतू सापडलेल्या एका नमुन्यावरून सांगते.

रुग्ण चौसष्ट वर्षांचे. जुना मधुमेह, प्रोस्टेट वाढल्यामुळे तीन आठवड्यांपासून लघवीची नळी, आणि दोन दिवस हुडहुडी भरून ताप. सूनबाई नमुना घेऊन आल्या तो खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत.

"ताई, पिशवीतूनच काढून आणलंय. चालेल ना?"

"नाही हो चालणार. पिशवीतलं पाणी सकाळपासून साचलेलं असतं. त्यात जे वाढतं, ते बाबांच्या मूत्राशयातलंच आहे असं सांगता येत नाही."

त्यांना पुन्हा पाठवावे लागले. भर उन्हात माणसाला माघारी पाठवणे जिवावर येते, पण चुकीच्या नमुन्यावरचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट. डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून औषध ठरवतात. पिशवीत कोमट लघवी तासन्‌तास पडून राहते, जंतू अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होत जातात आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर तीन-चार प्रकारची गर्दी उगवते.

नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर तिच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. म्हणून आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. नमुना घेण्यासाठी जी जागा दिलेली असते, तिच्या खालच्या बाजूला नळी १५ ते २० मिनिटे चिमट्याने बंद ठेवायची, ती जागा स्पिरिटने पुसून सुकू द्यायची, निर्जंतुक सिरिंजने १० मिली लघवी ओढायची आणि लॅबच्या निर्जंतुक डबीत सोडायची. मग चिमटा आठवणीने काढायचा. हे विसरले जाते, आणि लघवी तुंबून रुग्ण तळमळतो. नळी नसलेल्या रुग्णाने जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत धरायची. आमच्याकडे हे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही सांगावे लागते. नुसती डबी हातात दिली तर बहुतेक जण पहिलीच धार भरून आणतात.

डबी दोन तासांत लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. अक्कलकोट, मोहोळ, नळदुर्गाहून एसटीने येणारे नमुने इथे हमखास बिघडतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२च्या पुढे जातो, तेव्हा बसच्या खिडकीतली ती डबी म्हणजे आमचे इन्क्युबेटरच, जंतू वाढवायची उबदार पेटी. उशीर होणार असेल तर झाकण घट्ट लावून डबी प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बर्फाच्या पॅकसोबत थर्मासमध्ये ठेवा. चार अंशांवर ती २४ तास टिकते. रक्ताच्या कल्चरच्या बाटलीचा नियम मात्र उलटा आहे. ती फ्रिजमध्ये कधीच ठेवायची नाही, साध्या खोलीच्या तापमानातच आणायची.

फॉर्मवर मी एक गोष्ट नेहमी विचारून लिहिते : आधी कोणते अँटिबायोटिक झाले? या रुग्णाला गावातल्या दवाखान्यात सेफ्ट्रिॲक्झोनचे दोन डोस झाले होते आणि ताप उतरला नव्हता. ही माहिती फार मोलाची. एरवी पहिला डोस देण्याआधी नमुना घेतलेला बरा, कारण एका डोसनेही प्लेट कोरी राहू शकते. पण रक्तदाब पडत असेल, रुग्ण गुंगीत जात असेल, तर नमुन्यासाठी इंजेक्शन थांबवायचे नसते. अशा वेळी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली भरायचे आणि लगेच औषध सुरू करायचे.

दुसऱ्यांदा आलेला नमुना नीट होता. काचपट्टीवर एक थेंब पाहिला तर पू-पेशी भरपूर. ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी, आखूड, जाडसर काड्या, आणि प्रत्येकीभोवती न रंगलेले मोकळे वलय. ते वलय म्हणजे जंतूचे कवच. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी ही रंगवण्याची पद्धत १८८४ मध्ये बर्लिनला, कार्ल फ्रीडलेंडर यांच्या प्रयोगशाळेत बसवली. ते न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू शोधत होते. फ्रीडलेंडर यांना १८८२ मध्ये दिसलेला जंतू तोच, ज्याला आपण आज क्लेबसिएला न्यूमोनी म्हणतो. पण गुलाबी काड्या म्हणजे क्लेबसिएलाच असे इथे म्हणता येत नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जंतूही असाच दिसतो. म्हणून वाढवणे भाग असते.

एक मायक्रोलिटर लघवी उचलणाऱ्या लूपने, म्हणजे टोकाला बारीक कडी असलेल्या तारेने, दोन प्लेटवर रेघा ओढल्या आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवल्या. या लूपने १०० कॉलनी, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, उगवल्या तर मिलीलिटरमध्ये एक लाख जंतू, असा हिशेब.

सकाळी झाकण उघडले की क्लेबसिएला बहुधा डोळ्यांनीच ओळखू येतो. मॅकॉन्की या खाद्याच्या प्लेटवर ई. कोलायच्या कॉलनी सपाट, कोरड्या गुलाबी असतात. याच्या फुगीर, ओल्या, चकचकीत. पाकाचे थेंब सांडून एकमेकांत मिसळावेत तशा. मोजायला गेले तर एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. कवचातल्या साखरेमुळे हा चिकटपणा येतो, आणि त्याच कवचामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना हा जंतू सहज गिळता येत नाही.

इथे मी एक छोटी चाचणी करते. लूपने कॉलनीला स्पर्श करून हळूच वर उचलायचे. ५ मिलिमीटरपेक्षा लांब तार निघाली तर जंतू अतिचिकट जातीचा असण्याची शक्यता असते. ही जात मधुमेहींच्या यकृतात गळू करते, कधी तिथून डोळ्यात पोहोचते आणि दृष्टी घेऊन जाते. तार निघाली की मी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करते, म्हणजे पोटाची सोनोग्राफी लवकर होते. यकृताच्या गळूला नुसते इंजेक्शन पुरत नाही. पू बाहेर काढावा लागतो आणि औषध चार ते सहा आठवडे चालते. या नमुन्यात तार निघाली नाही.

नाव पक्के करायला रासायनिक चाचण्यांच्या छोट्या नळ्या लावल्या. सिट्रेट हिरव्याचे निळे झाले, युरियाची नळी सावकाश गुलाबी झाली, जंतू हालचाल करत नव्हता, इंडोलचे लाल कडे आले नाही. म्हणजे क्लेबसिएला न्यूमोनी. इंडोलचे कडे आले असते तर त्याचा भाऊबंद, ऑक्सिटोका.

या नळ्यांसोबतच औषधांची प्लेट लावली, म्हणून दुसरी रात्र लागते. जंतूचे ठरावीक गढूळपणाचे पाणी करायचे, म्यूलर-हिंटनच्या ४ मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी पसरायचे आणि १५ मिनिटांच्या आत औषधाच्या चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू न उगवलेले मोकळे वर्तुळ राहते, तो झोन. प्लेट पातळ ओतली तर झोन खोटा मोठा दिसतो आणि निकामी औषध चालणारे वाटते. जंतू दाट पसरला तर उलटे. म्हणून दर प्लेटच्या मागे मी पट्टी लावून जाडी बघते.

तिसऱ्या दिवशी सेफ्ट्रिॲक्झोनच्या चकतीला चिकटून जंतू उगवला होता, झोन शून्य. चालण्यासाठी २३ मिलिमीटर लागतो. त्याच गटातल्या सेफ्टाझिडिमच्या चकतीपेक्षा, जंतूचे एन्झाइम अडवणारे क्लॅव्ह्युलॅनेट मिसळलेल्या चकतीभोवतीचा झोन ५ मिलिमीटरहून मोठा होता, म्हणजे ईएसबीएल : सेफ्ट्रिॲक्झोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे फोडून टाकणारे एन्झाइम. गावातली दोन इंजेक्शने का लागू पडली नाहीत, ते इथे उलगडले. मेरोपेनेमचा झोन २६ मिलिमीटर आला. मला हायसे वाटले.

तो २२ किंवा त्याहून कमी आला असता तर कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधे, फोडणारे एन्झाइम शोधावे लागले असते. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ हे दोन प्रकार जास्त सापडतात. एनडीएमचा शोध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही क्लेबसिएलातूनच. तिथे सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमला ॲझट्रिओनामची जोड द्यावी लागते. कोलिस्टिन हे औषध हाताशी असते, पण ते मूत्रपिंडाला जड जाते, आणि त्याची सेन्सिटिव्हिटी चकतीवर भरवशाची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला सर्वांत गंभीर गटात आहे.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट घरच्यांनाही तपासता येते. क्लेबसिएला उपजतच अँपिसिलिनला जुमानत नाही. क्लेबसिएलाच्या नावापुढे अँपिसिलिन 'सेन्सिटिव्ह' (औषध चालते) लिहिले असेल तर कुठेतरी चूक आहे. लॅबला फोन करून विचारा.

याच रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइन या गोळीपुढे 'सेन्सिटिव्ह' होते. "गोळी चालतेय, मग सुया कशाला?" असा प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. पण ती गोळी फक्त मूत्राशयापुरती काम करते. थंडी वाजून ताप म्हणजे संसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात गेला असण्याची शक्यता, तिथे तिची मात्रा पोहोचत नाही. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या इंजेक्शनचा झोन चांगला दिसला तरी ईएसबीएलचा संसर्ग रक्तात असेल तर त्यावर भिस्त ठेवत नाहीत.

डॉक्टरांनी क्रिॲटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी, पाहून मेरोपेनेम सुरू केले. मूत्रपिंड ठीक असेल तर साधारण १ ग्रॅम दर आठ तासांनी, क्रिॲटिनिन चढले असेल तर कमी. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते आधीच सांगा, मेरोपेनेममुळे रक्तातले व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरते. ताप हटल्यावर आणि घरी जायची घाई असल्यास दिवसातून एकदाच द्यायचे एर्टापेनेम हाही पर्याय डॉक्टर देतात, म्हणजे रोज येऊन सुई घेऊन परत जाता येते. मेरोपेनेमच्या वायलची किंमत कंपनीगणिक खूप बदलते. डॉक्टरांना स्वस्त ब्रँड चालेल का, हे विचारायला संकोच करू नका. पैशांपायी चौथ्या दिवशी इंजेक्शन बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

ताप ४८ ते ७२ तासांत उतरायला हवा. नाही उतरला तर औषध वाढवण्याआधी अडथळा शोधतात : खडा, तुंबलेले मूत्रपिंड, गळू. या रुग्णाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. कोर्स सात दिवसांचा होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी घरच्यांनी "खात्रीसाठी" पुन्हा लघवी आणली. रुग्ण ठणठणीत, जेवण नीट, ताप नाही. नळी मात्र अजून होती. मी त्यांना आधी डॉक्टरांशी बोलायला सांगितले. नळी असेपर्यंत लघवीत जंतू सापडणारच. त्रास नसताना त्यावर औषध दिले तर संसर्ग बरा होत नाही, कारण संसर्गच नसतो. फक्त पुढचा जंतू अधिक चिवट होतो. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया, हे दोन अपवाद. डॉक्टरांनी ते कल्चर रद्द केले आणि नळी कधी काढता येईल ते पाहण्यासाठी तारीख दिली.

तोवर घरी काय करायचे ते सूनबाईंनी वहीत लिहून घेतले : पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, रिकामी करताना तोटी भांड्याला लावायची नाही, ते भांडे दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही, आधी आणि नंतर साबणाने हात. आणि हा रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर. पुढल्या वेळी ताप आला आणि दुसऱ्याच दवाखान्यात जावे लागले, तर पहिले इंजेक्शन निवडताना 'ईएसबीएल' हा शब्द तिथल्या डॉक्टरांना दिसला पाहिजे.