आमची वाटचाल : अर्ध्या गुंजेचा हिशोब

नोकरी सोडून दारू भरायचा धंदा करतोय असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने सरळ फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, कसली दारू? म्हटलं बंदुकीची, काडतुसात भरायची. त्यावर तेही गप्प.

मी मूळचा सांगलीचा, वडील आयुष्यभर सराफाकडे कारागीर. मी मेकॅनिकल करून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलो, आधी मिलवॉकी, मग नोकरीनिमित्त उत्तरेकडच्या एका छोट्या गावात. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा बंदूक सीझन सुरू होतो आणि गावातलं निम्मं माणूस भडक नारिंगी जॅकेट घालून जंगलात गायब होतं. आमच्या शेजारचे आजोबा, पेपर मिलमधून रिटायर झालेले, तळघरात स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. म्हणजे उडालेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणायची, नवा प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी), मोजून दारू, वर गोळी. मी त्यांचा काटा बघितला आणि तिथेच अडकलो. सगळं वजन ग्रेनमध्ये, 7,000 ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे एक ग्रेन जेमतेम 0.065 ग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा! वडिलांना म्हटलं तुम्ही गुंजा मोजल्यात, मी अर्ध्या गुंजेचाही दहावा भाग मोजतोय, तेव्हा कुठे ते जरा हसले.

ग्रीन कार्ड येईपर्यंत या धंद्याचा विचारच केला नाही. स्वतःपुरती भरायला लायसन्स लागत नाही पण विकायला बनवायची तर फेडरल टाइप 06 लागतं, त्याची फी तीन वर्षांना फक्त 30 डॉलर, इन्शुरन्सचं कोटेशन बघून मात्र बायकोने कपाळाला हात लावला. शिवाय 11 टक्के एक्साइज, 1937 च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो, चांगलंच आहे, फक्त पहिल्या सीझनला मी तो किमतीत धरलाच नव्हता.

पहिल्या वर्षी दुकानाबाहेर बोर्ड लावला, फॅक्टरीपेक्षा फास्ट. गिऱ्हाईक आलं पण. आणि सीझन संपायच्या आत एकाने उरलेला बॉक्स काउंटरवर आपटला. त्याच्या .308 कॅलिबरच्या (नळीच्या मापाच्या) रायफलीसाठी मी त्याला हलकी, फास्ट गोळी दिलेली, हरीण चाळीस यार्डावर, गोळी खांद्याच्या हाडावर लागून वरच्या वर फुटली, अर्धा खांदा वाया गेला आणि जखमी जनावर त्याने टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत शोधलं. त्याचं बरोबर होतं, मी गप्प ऐकून घेतलं. बोर्ड त्याच संध्याकाळी काढला.

तेव्हापासून पहिला प्रश्न एकच, शिकारीला तुम्ही बसता कुठे? कारण इथल्या दाट झाडीत बहुतेक शॉट शंभर यार्डाच्या आतले, तिथे स्पीडचं काय लोणचं घालायचं? .308 ला 150 किंवा 165 ग्रेनची, आत शिरेपर्यंत एकसंध राहील अशी गोळी आणि मध्यम स्पीड, बस. हा प्रश्न जुनाच आहे म्हणा, जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या एका मूसवर (मोठ्या जातीच्या हरणावर) नीट आत जाईनात म्हणून त्याने मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली आणि 1948 ला कंपनी काढली. घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर मी तांब्याची गोळी सुचवतो, नेहमीच्या गोळीतल्या शिशाचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. तांबं हलकं म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि उघडायला तिला जरा स्पीड लागतो, म्हणून तिथे एक पायरी हलकी घ्यायची.

दुसरा धडा एका बाईंच्या वडिलांच्या जुन्या .30-06 ने दिला. सीझनच्या आदल्या रविवारी त्या रायफलच घेऊन आल्या, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, पाऊण खाली येतो आणि अडतो. एका काडतुसाची गोळी उपटली, दारू ओतली, प्रायमर काढला, पुंगळीवर काळा मार्कर फासला आणि हळूच आत घालून बाहेर काढली तर पुंगळीच्या खांद्यापाशी, जिथे ती मानेकडे निमुळती होते, पितळेची एक बारीक रिंग चकाकत होती, म्हणजे तिथेच घासून अडत होती. पुंगळ्या दुसऱ्याच रायफलीत उडालेल्या आणि मी शहाण्याने फक्त मान मापात आणलेली, अंग तसंच! रात्री बसून चाळीस परत भरली. आता प्रत्येक पुंगळी पूर्ण साइझ होते आणि गेजमधून, म्हणजे माप तपासायच्या साच्यातून, गेल्याशिवाय डब्यात जात नाही.

2020-21 ला प्रायमर मिळेनात तेव्हा बायकोने हिशोबाची वही ओढून घेतली आणि अकरा कॅलिबरची चार केली, .243, .270, .308, .30-06. वगळलेल्या क्रीडमोर कॅलिबरवाले अजून रागावलेत, रागावू देत.

नव्या गिऱ्हाइकाला मी आधी वीसचा बॉक्स देतच नाही. मॅन्युअलच्या मर्यादेत दारूच्या वजनाच्या खालून वर तीन पायऱ्या, पाच-पाच काडतुसं, शंभर यार्डावर मारून निशाण्याचा कागद परत आणायचा, रायफल स्वतःच सांगते तिला काय आवडतं. दोन काडतुसं फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून टेस्ट करतो, कारण काही दारू थंडीत स्पीड सोडते आणि इथला नोव्हेंबर म्हणजे विचारू नका. फ्रीझरमध्ये शेजारी किसलेलं खोबरं, पाहुण्यांना सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. उन्हाळ्यात भरलेल्या लॉटचा स्पीड एकसारखा यायचा आणि ऑक्टोबरचा वरखाली, दारू तीच, पुंगळ्या त्याच. मागच्या वर्षी आईवडील आले, वडील तासभर काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले, मग हात वर करून छताकडची जाळी दाखवली आणि म्हणाले, अरे काट्याला वारा लागतोय.

हीटरची गरम हवा. दर दहा मिनिटांनी चालू व्हायची.

आता ऑक्टोबरात हीटर बंद करून, जॅकेट घालून भरतो.