सही खरी होती

बालगृहातल्या मुलांना सरसकट अनाथ म्हणू नका, असं मी येणाऱ्या प्रत्येक देणगीदाराला सांगते. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, कुणीतरी एक आहे. सांभाळण्याची ऐपत किंवा परिस्थिती नाही, एवढंच. तरी वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या मंडळींना मुलांसोबत फोटो हवाच असतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलांची ओळख उघड करता येत नाही, असं म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. त्यामुळे एका गटानं केकऐवजी प्रोजेक्टर आणला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

सिनेमा होता 2007 सालचा ‘ऑगस्ट रश’. इंग्रजी असल्यामुळे मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. इव्हान नावाचा मुलगा न्यूयॉर्क राज्यातल्या एका मुलांच्या वसतिगृहात वाढतोय. वाऱ्यात, विजेच्या तारांत, शेतातल्या सळसळीत त्याला संगीत ऐकू येतं, आणि त्या सुरांच्या मागं गेलो तर आईवडील भेटतील अशी त्याची खात्री आहे. आई चेलो वाजवते, वडील बँडमध्ये गातात. बाळंतपणाच्या वेळी आई अपघातात जखमी असते. तिचे वडील तिच्या नावाची खोटी सही करून बाळ देऊन टाकतात आणि तिला सांगतात, बाळ गेलं. शेवटी मुलगा सेंट्रल पार्कमध्ये स्वतः रचलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतो आणि दोघंही गर्दीतून त्याच्याकडे चालत येतात.

सिनेमा गोड आहे आणि मला आवडतो. पण आमच्या मुलांनी तो त्या लोकांच्या अपेक्षेप्रमाणे पाहिला नाही. रॉबिन विल्यम्सनं केलेला विझार्ड, म्हणजे रस्त्यावरच्या मुलांना वाजवायला बसवून त्यांची कमाई काढून घेणारा माणूस, पडद्यावर आला आणि मागच्या रांगेतली मोठी मुलं एकदम ताठ बसली. त्यातली काही रेल्वे फलाटावरून आलेली. तो माणूस आधी किती प्रेमानं जेवायला घालतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

इव्हान पहिल्यांदा गिटार हातात घेतो तेव्हा ती रीतसर छेडत नाही. तारांवर, लाकडावर दोन्ही हातांनी थापा मारत सुटतो. आमचे संगीताचे सर मागून म्हणाले, “गिटार अशी वाजवत नाहीत.” वाजवतात. जवळून दिसणारे ते हात काकी किंग या गिटारवादिकेचे आहेत आणि तिची वाजवण्याची पद्धतच तशी आहे. आठवड्यातून एकदा येऊन प्रार्थना बसवणाऱ्या या सरांना आमच्याकडचा एक मुलगाही असाच ‘चुकीचा’ वाटतो.

बारा वर्षांचा आहे तो. एका भजनी मंडळानं दिलेला जुना पखवाज आमच्याकडे आहे, आणि गुरुवारच्या भजनाच्या आधी त्याला तयार करण्याचं काम या मुलानं कुणी न सांगता अंगावर घेतलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. त्याशिवाय तो घुमत नाही. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी पडली तर नुसता ठणठण होतो. हा परातीतून चपात्यांच्या कणकेचा गोळा घेतो, मावशींना न विचारता त्यात थोडं पाणी मुरवतो, धुमेवर थापतो, एक थाप मारून ऐकतो, नखानं चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. मग उजवीकडची शाईची बाजू. हातोडीनं वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत तो ती पेटीच्या पट्टीला आणतो, आणि पेटी कुलपात असली तर बोअरच्या मोटारीच्या आवाजाला. मोटारीचा सूर पेटीच्या कुठल्या पट्टीजवळ आहे ते त्यानं स्वतः शोधून ठेवलंय. भजन संपलं की वाळायच्या आत कणीक खरवडून पान स्वच्छ पुसून ठेवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात विरंगुळा, सर्जनशीलता आणि खेळ असा रकाना असतो. त्याच्या आराखड्यात तिथं वर्षानुवर्षं ‘कॅरम’ लिहिलेलं होतं.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला.

“ताई, त्याला आई भेटली ती त्यानं वाजवलं म्हणून, का सही खोटी होती म्हणून?”

मी विचारात पडले. गोष्ट त्यानं बरोबर पकडली होती. आजोबांनी मरणाच्या दारात खोटी सही कबूल केली नसती, तर आई मुलाला शोधायला निघालीच नसती. संगीत नंतरचं.

“मग माझ्या कागदावरची सही कुणी केली?”

आमच्या मुलांना कागद कळतात. मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर उभं राहून राहून कळतात. हा मुलगा आईनं समर्पित केलेला आहे, म्हणजे कायदेशीरपणे हक्क सोडून सोपवलेला. आधी दत्तक द्यायच्या लहान मुलांना सांभाळणाऱ्या विशेष दत्तक संस्थेत होता, सहा वर्षांचा झाल्यावर बालगृहात आला. वाढलेल्या मुलाला दत्तक घरं फार कमी मिळतात, तसं याचंही झालं. फाइल मी वाचलेली आहे. त्यातलं कारण इथं लिहिणार नाही. ते त्याच्या आईचं आहे.

मी त्याला खरं तेच सांगितलं. आपल्याकडे सही घरात बसून होत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 35 प्रमाणे आईला बाल कल्याण समितीसमोर यावं लागतं. समिती तिला विचारते, समजावते, चौकशी करते, मगच समर्पणाचा कागद होतो. दुसऱ्या कुणी परस्पर तिचं नाव लिहून चालत नाही. आणि त्यानंतरही दोन महिने ती विचार बदलून मुलाला परत नेऊ शकते.

हे कलम मी प्रशिक्षणात अनेकदा अभिमानानं शिकवलंय. एकट्या, घाबरलेल्या बाईकडून घाईनं मूल काढून घेतलं जाऊ नये म्हणून ते आहे. सिनेमातल्या आजोबांसारख्या माणसांना त्यानं आडकाठी होते. चांगला कायदा आहे, आजही माझं हेच मत आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे तिला दोन महिने होते.”

मी हो म्हटलं.

“त्यात एकदा तरी आलती का?”

इव्हानला दोष द्यायला एक आजोबा मिळाले. आमच्या मुलाला कायद्यानं तेवढाही आडोसा ठेवला नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर फाइलीत आहे आणि ते एका शब्दाचं नाही. नियमाप्रमाणे मी ते परस्पर सांगू शकत नाही, म्हणून तेव्हा मी एवढंच म्हटलं की मला माहीत आहे आणि तुला ते रीतसर कळावं म्हणून मी प्रयत्न करीन. तो “बरं” म्हणून गेला. त्या गुरुवारी पखवाज त्यानं नेहमीसारखाच वाजवला. त्यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. मुलं वाजवतात तेव्हा बरी असतातच असं नाही.

तेव्हापासून मी दोन कामांच्या मागे आहे. एक, जवळच्या गावातल्या दिंडीतले एक पखवाजवादक रविवारी शिकवायला तयार आहेत, त्यांची पोलीस पडताळणी चालू आहे. सरांना हे पटलेलं नाही. असल्या मुलांना फार डोक्यावर घेऊ नये, म्हणतात. असल्या म्हणजे कसल्या, हे मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं.

दुसरं, समितीकडे लेखी अर्ज दिलाय की या मुलाला त्याच्या फाइलीतला तो भाग वाचून दाखवण्याची परवानगी मिळावी. आईचा ठावठिकाणा उघड होणार नाही एवढा भाग झाकून. अधीक्षक मॅडमचं म्हणणं, अठरा वर्षांचा झाल्यावर बघू. त्यांना काळजी आहे, हे मला मान्य आहे. पण अठराव्या वर्षी तो इथून बाहेर पडलेला असेल. तेव्हा ती फाइल तो एकट्यानं वाचणार. आज वाचली तर शेजारी मी आहे, मावशी आहेत, आणि रविवारी येणारं कुणीतरी आहे. अर्जात मी हेच लिहिलंय. समितीची बैठक मंगळवारी आहे.