न वाकवलेल्याचीही तीच गत

रात्रभर चाललेलं वाकवण्याचं यंत्र सकाळी थांबलं होतं. १००० वेळा वाकून झालेला आमचा लवचीक सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज-डिस्चार्ज होणारं, वीज साठवण्याचं साधन) मी सोडवला, मोजला, तर कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, निम्म्याच्याही खाली. काल जवळपास आयतासारखा आलेला सीव्हीचा (व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह मोजण्याच्या चाचणीचा) आलेख चिंबून बारीक झालेला.

इलेक्ट्रोड संकरित होता: कार्बनच्या कापडावर मँगनीज डायऑक्साइडचा नॅनोथर. या ऑक्साइडची कागदावरची क्षमता दांडगी, ग्रॅमला सुमारे १३७० फॅरड. पण वीज वाहून नेण्यात अगदीच मठ्ठ. म्हणून थर पातळ ठेवायचा आणि वहनाचं काम कार्बनच्या धाग्यांवर सोपवायचं. कापड पोटॅशियम परमँगनेटच्या गरम द्रावणात बुडवलं की द्रावणाचा जांभळा रंग विटत जातो आणि धाग्यांवर तपकिरी झाक चढते. हे बघत बसायला मला अजूनही आवडतं.

"थर सुटला, दुसरं काय!" सर म्हणाले. मलाही तेच वाटलं. थर जाड झाला की वाकताना पोपडे निघतात, हे आम्ही आधी भोगलं होतं. पण जोडीचा नमुना टेबलावर सपाट पडून नुसता चार्ज-डिस्चार्ज होत होता, त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं. मोजला. त्याचीही तीच गत.

आता वाकवण्यावर खापर कसं फोडणार?

दोन्ही नमुने उलगडले. पोपडा कुठेच नाही. तपकिरी झाक मात्र गेलेली, खालचे काळे धागे उघडे पडलेले. थर गळून पडला नव्हता, विरघळला होता. दोन इलेक्ट्रोडांमधल्या, आयन वाहून नेणाऱ्या जेलवर ओला पीएच कागद टेकवला, लालभडक. म्हणजे आम्ल.

आमच्याकडे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची दोन जेल असतात. एकात लिथियम क्लोराइड, दुसऱ्यात सल्फ्युरिक आम्ल. आम्लाचं जेल पॉलिअनिलीन या वीजवाहक पॉलिमरच्या इलेक्ट्रोडसाठी, त्याला आम्ल लागतंच. मँगनीज डायऑक्साइड मात्र आम्लात डिस्चार्ज होताना मँगनीजचे आयन होऊन विरघळत जातो. दोन्ही जेल पारदर्शक, मधासारखी चिकट, बाटल्याही सारख्याच. मी उचललेल्या बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "जेल, नवीन".

सरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वाकवण्याबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही."

संध्याकाळी लिथियम क्लोराइडचं जेल लावून नव्या नमुन्यांची जोडी सुकायला ठेवली. जादा पाणी उडाल्याशिवाय जेल धरत नाही, त्यामुळे त्या रात्री यंत्र रिकामंच राहिलं.