खाटा ४०, रुग्ण ५२
सरकारी रुग्णालयात डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन, बनवायचं काम करते. आज सकाळी मेडिसिन वॉर्डच्या खाटा १३० टक्के भरलेल्या दिसल्या. वाटलं, डिस्चार्जच्या नोंदी उशिरा पडल्या असतील. मग घरी गेलेला रुग्णही सिस्टीममध्ये खाटेवरच राहतो. दोन तास सिस्टीममधून आकडे काढणारी क्वेरी तपासली, शेवटी वॉर्डातच गेले. सिस्टरांनी रात्री बाराच्या गणतीचं रजिस्टर पुढे केलं. खाटा ४०, रुग्ण ५२. दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या, एकाची सलाईन खिडकीच्या गजाला बांधलेली.

"मॅडम, आम्ही कुणाला परत नाही पाठवत हो."

आल्या आल्या शंभरच्या वरचा आकडा 'चूक' ठरवणारी अट काढून टाकली. जमिनीवरच्या गाद्यांसाठी वेगळा रकाना केलाय. उद्याच्या आढावा बैठकीत सगळ्यात आधी तोच दाखवणार आहे.