निकेलचं मीठ आणि पोटातलं पिल्लू

धातूचं संयुग गर्भाला घातक आहे की नाही हे कसं ठरवतात, हे वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो राव. ओईसीडीची (ही बहुतांश श्रीमंत देशांची संघटना) ४१४ नंबरची गाइडलाइन आहे, त्यात गाभण उंदरीणींना (बहुतेक वेळा रॅट) गर्भ रुजल्यापासून रोज डोस देतात, कमीत कमी तीन डोसचे ग्रुप आणि एक कंट्रोल (म्हणजे ज्यांना ते संयुग देतच नाहीत), मग प्रसूतीच्या आदल्या दिवशी पोट उघडून गर्भ मोजतात, वजन घेतात, हाडं अलिझारिन रेडने लाल रंगवून बघतात.

खरी गोची पुढे आहे. सगळ्यात मोठा डोस असा निवडतात की आईला थोडा त्रास व्हावा पण ती मरू नये, आता आईनेच खाणं कमी केलं आणि पिल्लं बारकी निघाली तर दोष धातूचा की उपाशी आईचा? यावर तज्ज्ञ लोक अजून भांडतात, आणि माझ्या मते "आई आजारी होती" एवढं म्हणून परिणाम झटकून टाकणं ही पळवाट आहे.

अजून एक, आकडेमोडीत एकक पिल्लू नाही, आख्खं वेत (एका आईची एका वेळची सगळी पिल्लं) धरायचं, कारण एका आईची पिल्लं एकमेकांसारखीच असतात. हे विसरलं की रिझल्ट उगाच भारी दिसतो.

आणि धातूचं नाव बघून भागत नाही. निकेल सल्फेट (हेच ते निकेलचं मीठ, म्हणजे क्षार) पाण्यात सहज विरघळतं, निकेल ऑक्साइड जवळपास नाही, म्हणजे शरीरात निकेलचा आयन (विद्युतभारित कण) किती सुटतो ते आधी बघायचं. युरोपात निकेल सल्फेट प्रजननाला घातक म्हणून १बी गटात (मुख्यतः प्राण्यांवरच्या पुराव्यावरून माणसालाही घातक धरलेल्यांचा गट) आहे, नुसता निकेल धातू मात्र त्या गटात नाही.