मायकेल पेलिन: वही, गलबत आणि ऐंशी दिवस

इथे ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या कुणाशीही प्रवासाचा विषय काढा, दहा मिनिटांत मायकेल पेलिन यांचं नाव निघतंच. आपल्याकडे ते ठाऊक असलेच तर ‘मॉंटी पायथन’मधले एक विनोदी नट म्हणून. ऑक्टोबर 1969 ते डिसेंबर 1974 या काळात बीबीसीवर त्या मालिकेचे 45 भाग झाले. पेलिन त्यात कामही करत आणि लिहीतही. पण इथल्या घराघरांत त्यांची जागा आहे ती त्यानंतरच्या कामामुळे, प्रवासी आणि लेखक म्हणून. मुंबईकरांनी हे काम मुद्दाम बघावं, कारण त्यातला सर्वात सुंदर टप्पा दुबईहून मुंबईला येणाऱ्या गलबतावर घडला.

सुरुवात रेल्वेपासून झाली. 1980 साली बीबीसीने जगातल्या मोठ्या रेल्वेप्रवासांवर एक मालिका केली. तिच्यातल्या एका भागासाठी पेलिन लंडनहून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काइल ऑफ लोहॅल्शला गेले आणि येताना त्या स्टेशनच्या नावाची भलीमोठी पाटी घेऊन आले. स्कॉटलंडला येणार असाल तर हा मार्ग चुकवू नका. इन्व्हरनेसहून काइलपर्यंत साधारण 130 किलोमीटर, अडीच तास. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. आधी ब्यूली खाडी आणि शेवटच्या तासात लॉख कॅरन ही खाडी, दोन्ही उजवीकडेच आहेत. दिवसाला गाड्या मोजक्याच असतात आणि रविवारी त्याहून कमी, त्यामुळे परतीची गाडी आधी ठरवूनच निघावं. ती चुकली तर मुक्काम तिथेच.

पुढे बीबीसीच्याच एका मालिकेसाठी ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कल्पना आली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिआस फॉग पैज लावून जसा गेला तसं जायचं, विमान अजिबात वापरायचं नाही. फॉग निघाला त्याच, लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या रिफॉर्म क्लबमधून 25 सप्टेंबर 1988 रोजी पेलिन निघाले.

1872 सालच्या फॉगपेक्षा 1988 सालच्या माणसाला हे अवघड का जावं? फॉगच्या काळात प्रवासी आगबोटी ठरल्या वेळी सुटत. सुएझहून मुंबईला टपालाची बोट होती, मुंबईहून कलकत्त्याला रेल्वे होती, तिथून पुढे पुन्हा बोट. विमानं आली तशा या बोटी एकेक करून बंद पडल्या. उरली ती मालवाहू जहाजं, आणि त्यांना वेळापत्रक प्रवाशाचं नसतं, मालाचं असतं. बंदरात क्रेन मोकळी झाली नाही, माल उशिरा आला, की दोन दिवस गेलेच. जहाजाचा वेग कमी असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दिवस खरे खाल्ले जातात ते दोन जहाजांच्या मध्ये. एक जोडणी हुकली की पुढच्या सगळ्याच हुकतात.

झालंही तसंच. इटलीत रेल्वेचा संप होता, म्हणून ओरिएंट एक्स्प्रेस ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकलाच थांबली. जेद्दाहून पुढे न्यायला वेळेत जहाज मिळेना, तेव्हा सौदी अरेबिया गाडीने ओलांडून दुबई गाठावी लागली. तिथून मुंबईसाठी मिळालं ते एक लाकडी गलबत, इंग्रजीत ज्याला ढाऊ म्हणतात ते.

गलबतावरचे खलाशी गुजराती होते. समुद्रावर जवळजवळ आठवडा गेला. खोली नव्हती, डेकवर पथारी टाकून झोपायचं. संडास म्हणजे गलबताच्या मागच्या बाजूला पाण्यावर टांगलेली चौकट. पेलिन यांचं पोट बिघडलं तेही याच टप्प्यात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर दाखवायला काहीच नाही: क्षितिज, इंजिनाचा आवाज, स्वयंपाक, नमाज. आणि तरीही संपूर्ण मालिकेत मनात राहतो तो हाच भाग. भाषा एक नव्हती, पण पेलिन यांनी एका म्हाताऱ्या खलाशाच्या कानाला आपल्या वॉकमनचे हेडफोन लावले आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी रॉक गायकाची गाणी ऐकवली. मुंबई आली तेव्हा निरोप घेताना त्यांचा गळा दाटून आला होता. नटाची कमाई इथे दिसते, असं आमचं मत आहे. समोरच्या माणसाला प्रतिसाद देणं आणि कॅमेरा विसरून गप्प बसणं, ही दोन्ही रंगमंचावरचीच शिकवण.

फॉगच्या हिशेबाने ते मुंबईत उशिरा पोहोचले होते. फुटपाथवर एका अंध न्हाव्याकडून त्यांनी वस्तऱ्याने दाढी करून घेतली तो प्रसंग ब्रिटनमधले लोक आजही सांगतात. मग रेल्वेने मद्रास, मालवाहू जहाजाने सिंगापूर, पुढे हाँगकाँग, चीन, जपान आणि कंटेनर जहाजातून प्रशांत महासागर. पूर्वेकडे जाताना वाररेषेवर, म्हणजे तारीख बदलते त्या रेषेवर, तोच वार दोनदा येतो. फॉगने पैज जिंकली ती याच एका दिवसावर. पेलिन 79 दिवस आणि 7 तासांनी लंडनला परतले, पण चित्रीकरण करत आत यायला रिफॉर्म क्लबने परवानगी दिली नाही.

आज हा मार्ग करायचा म्हटलं तर सगळ्यात मोठी अडचण मालवाहू जहाजांचीच येईल. प्रवासी घेणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी 2020 नंतर ती सोय बंद केली आहे. भारतीय पासपोर्टवर तर व्हिसांची साखळीही जुळवावी लागते: शेंगेन, इजिप्त, सौदी, अमिराती, चीन, जपान, अमेरिका. यातल्या काहींची मुदत व्हिसा मिळाल्यापासून मोजतात, प्रवेश केल्यापासून नव्हे. म्हणून सर्वात शेवटी लागणारा व्हिसा सर्वात आधी काढला तर वापरण्याआधीच तो संपू शकतो.

पुढच्या प्रवासांतही योजना मोडल्याच. 1991 साली उत्तर ध्रुवाहून दक्षिण ध्रुवाकडे, शक्य तितकं 30 अंश पूर्व रेखांश धरून ते गेले. झांबेझी नदीत राफ्टिंग करताना बरगडीला मार बसला. केपटाऊनहून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजात जागा मिळाली नाही, मग थेट दक्षिण अमेरिकेत चिलीला जाऊन तिथून विमानाने बर्फावर उतरावं लागलं. प्रशांत महासागराभोवतीच्या फेरीची सुरुवात बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या लिटल डायोमीड बेटावर झाली होती. वर्षभराने तिथेच परतून वर्तुळ पुरं करायचं होतं. हवामानामुळे बेटावर उतरताच आलं नाही. तो अपुरेपणा त्यांनी तसाच दाखवला, याचा आम्हाला फार आदर वाटतो.

हे सगळं पुस्तकांत उतरलं ते एका सवयीमुळे. एप्रिल 1969 मध्ये, सिगारेट सोडली त्याच सुमारास, पेलिन यांनी रोजनिशी धरली आणि ती सुटली नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला आठवण फसवते ती नेमकी बारीक गोष्टींत: वास, भाव, कोण काय म्हणालं. दोन दिवसांनी लिहायला बसलं की आदल्या दिवसाचा वास दुसऱ्याच गावाला चिकटतो. म्हणून आकडे, नावं आणि कुणाच्या तोंडचं वाक्य जागच्या जागी टिपावं. वर्णन रात्री किंवा दुसऱ्या सकाळी केलं तरी चालतं. पेलिन यांची प्रवासाची पुस्तकं दिवसवार लिहिलेली आहेत, त्यामुळे मागची वही वाचताना जाणवते.

मूळ वह्या बघायच्या असतील तर त्यांनी 1965 ते 1987 या काळातले कागद ब्रिटिश लायब्ररीला दिले आहेत. हे 2017 साली जाहीर झालं. एक लक्षात घ्या, गलबतावरची वही 1988 ची, म्हणजे या संग्रहाबाहेरची. त्यासाठी 1988 ते 1998 या काळाची छापील रोजनिशी वाचावी. लायब्ररी किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनाला लागूनच आहे. वाचक पास मोफत मिळतो. पत्ता दाखवणारा एक आणि सही असलेला एक, असे दोन मूळ कागद लागतात. पत्त्यासाठी भारतातलं बँकेचं स्टेटमेंट नेणार असाल तर इंग्रजीतलं न्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते. ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यानंतर तिथली कॅटलॉगची व्यवस्था हळूहळू सावरली, तेव्हा हवी ती वही वाचायला मिळते का हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. खाजगी कागदांवर निर्बंध असू शकतात.

पेलिन 2009 ते 2012 रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते, 2019 साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला. पण लेखक म्हणून त्यांचं वजन कळतं ते ‘एरेबस’ या जहाजावरच्या 2018 सालच्या पुस्तकात. हे जहाज 1826 साली पाण्यात उतरलं. तोफगोळे डागण्यासाठी बांधलेलं म्हणून त्याची चौकट दणकट होती, आणि त्याच कारणाने ते बर्फातल्या मोहिमांना निवडलं गेलं. आधी अंटार्क्टिका, मग 1845 साली जॉन फ्रँकलिन या दर्यावर्दीबरोबर आर्क्टिक. त्या मोहिमेतले 129 जण परतले नाहीत. जहाजाचे अवशेष सापडले ते 2014 साली. पेलिन यांना या जहाजाच्या गोष्टीचा माग लागला तो जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. अंटार्क्टिकाच्या सफरीत हूकर ‘एरेबस’वर होता, आणि पुढे 1848 पासून तो सिक्कीमच्या डोंगरांत ऱ्होडोडेंड्रॉन ही फुलझाडं गोळा करत फिरला.