आठशेचा माइक आणि कपड्यांचं कपाट

आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पडद्याचाही त्रास आहे, त्यामुळे दिवाळी अंक घरी येतात आणि नुसते टीपॉयवर पडून राहतात. म्हणून मी कथा वाचून रेकॉर्ड करून तिला पाठवायला लागले, ती साताऱ्याला, मी डोंबिवलीत. पहिली कथा मोबाइल समोर टेबलावर ठेवून वाचली होती. संध्याकाळी फोन आला, "वाचलंस छान गं, पण न्हाणीघरात बसली होतीस का?"

झालं, लागले माइकच्या मागे. रोज रात्री सगळं आवरलं की यूट्यूबवर रिव्ह्यू बघायचे, दोन-तीन आठवडे हेच, आणि त्यातले बहुतेक लोक फोम लावलेल्या खोलीत बसून बोलतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही, अहो तिथे काहीही लावा, चांगलंच वाजणार! शेवटी बाराशे रुपयांत एक कंडेन्सर माइकचा (स्टुडिओत असतो तसल्या, वीज लागणाऱ्या माइकचा) किट मागवला. स्टँड, स्प्रिंगवाला हात, जाळी, फोमची टोपी, बॉक्स उघडला तर रुखवत मांडल्यासारखं सगळं. लॅपटॉपला लावला आणि आवाज एवढा बारीक की मलाच वाटलं मी शेजारच्या घरातून बोलतेय. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं सेटिंग, फुल केला तर आवाजाबरोबर सूंऽऽ असा सुरू झाला, पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस पडावा तसा.

नंतर कळलं की असल्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच मिळणारी वीज, लागते आणि लॅपटॉपच्या जॅकमधून जेमतेम दोन-चार व्होल्ट येतात. बॉक्समध्ये जॅकची वायर दिलेली असते म्हणून आपण समजतो की लावलं की चालणार. नीट चालवायचा तर ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायची, ती वीज देणारी पेटी) घ्यावा लागतो, म्हणजे घोड्यापेक्षा नालाला जास्त पैसे. तेव्हा एक्सएलआरवाला (तीन पिनांच्या गोल जोडणीचा) कंडेन्सर स्वस्तात दिसला तर आधी विचारा, याला ४८ व्होल्ट कुठून देणार? याचं उत्तर नसेल तर तो घेऊ नका.

मग नवरा म्हणाला कॉलरला लावायचा साधा माइक घे, त्याच्या ऑफिसात कोणीतरी ट्रेनिंगचे व्हिडिओ त्यावर करतं. बोया बीवाय-एमवन, मला आठशेच्या आसपास पडला. ६ मीटर वायर, शेंगदाण्याएवढा माइक, बघून काहीच भरवसा वाटत नाही. आणि तो पहिल्या दिवशी चाललाच नाही! वायरवर एक छोटी डबी आहे, तिच्यातलं बटण मी हौसेने ऑन केलं होतं, ते ऑन कॅमेऱ्यासाठी असतं, बटणसेलही त्यासाठीच, मोबाइलला लावताना ते स्मार्टफोनच्या बाजूला पाहिजे. अर्धा तास गेला त्यात. आणखी एक, त्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा आहेत, म्हणजे ती मोबाइलची पिन. जुन्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइकची वेगवेगळी भोकं असतात, तिथे स्प्लिटर लागतो. आणि मोबाइलला गोल जॅकच नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर, तो मात्र अगदी फुटपाथवरचा घेऊ नका, त्यातल्या काहींवर गाणी वाजतात पण माइक घेत नाही.

तर, माइक चालला. कथा पाठवली. आई म्हणाली, "आता न्हाणीघरातून बाहेर आलीस, पण रिकाम्या खोलीत आहेस."

बरोबर होतं तिचं. आमची खोली दहा बाय अकराची, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काच, भिंती मोकळ्या. मध्ये उभं राहून टाळी वाजवली की टण्ण असं परत येतं. हा बोया चारी बाजूंचा आवाज घेतो, त्यामुळे खोली जशी आहे तशी तो ऐकवणार. मग कपाट उघडलं. कपड्यांचं, लाकडी, साड्या आणि ड्रेस ठासून भरलेलं, दोन्ही दारं उघडून त्यांच्यावर एकेक गोधडी टाकली (आईनेच शिवलेल्या) आणि तोंड कपड्यांकडे करून आत जवळजवळ डोकं घालूनच वाचलं. पोरगा येऊन विचारतोय आई तू कपाटाला गोष्ट सांगतेयस का. पण काय फरक पडला! त्याआधी मी भिंतीला चिकटवायचे ते टोकटोकवाले पातळ फोम मागवणार होते, बरं झालं नाही मागवले, पातळ फोम वरचा चरचर आवाज थोडा खातो, घुमणं तसंच राहतं. कपडे आणि जाड गोधड्या त्याच्यापेक्षा कितीतरी बऱ्या.

दुसरी गोष्ट अंतराची. तोंड आणि माइकमधलं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून महागडा माइक हातभर लांब ठेवण्यापेक्षा आठशेचा वीतभर अंतरावर बरा. मी तोंडापासून बरोबर एक वीत मोजून ओढणीला क्लिप लावते, आणि ओढणी सुती हवी, सिंथेटिक असली की हललं तरी खरखर येते.

मराठीत वाचणाऱ्यांना अजून एक भानगड आहे, आपली भ, फ, ख, ध ही अक्षरं. तोंडासमोर तळहात धरून "भाऊने भोपळ्याच्या फोडी केल्या" म्हणून बघा, किती वारा लागतो हाताला, तोच वारा माइकवर धप्पकन आपटतो. माइक छातीवर असेल तर वाचतो, पण तोंडासमोर असेल तर नाकासमोर सरळ न धरता थोडा बाजूला धरायचा. नाहीतर भरतकामाच्या रिंगला जुना नायलॉनचा मोजा ताणून लावायचा, किटमधली जाळी म्हणजे तरी दुसरं काय असतं.

पंखा बंद करावाच लागतो, इलाज नाही, मे महिन्यात दोन पानं वाचून घाम पुसायचा. आम्ही रेल्वे लाइनपासून तीन बिल्डिंग सोडून, त्यामुळे रात्री साडेअकरानंतर बसते. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना घूंऽऽ असा बारीक आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा, माझा तिथेच गेला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे आणि भरपूर आहे. बोलताना त्यातला आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळला पाहिजे, शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसायचं, तेवढ्या तुकड्यावरून नॉइज रिडक्शन करायचं, म्हणजे मागची सूंसूं कमी करायची, पण हलक्या हाताने, जास्त केलं की पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट नको, फाइल करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत तिथे आवळली जाते.

तीन-चार हजार असतील तर मी सरळ यूएसबी माइक घेईन, फिफाइन, माओनो वगैरे, त्यात इंटरफेसची कटकट नाही. समोरूनच आवाज घेणारा म्हणजे कार्डिओइड बघायचा आणि त्याची पाठ खिडकीकडे करायची. फक्त त्यातल्या बऱ्याच माइकांच्या डोक्यात बोलायचं नसतं, पोटाकडून बोलायचं असतं, माझ्या मैत्रिणीने सहा महिने डोक्यात बोलून काढले.

परवाच्या कथेनंतर आईचा फोन आला तर आवाजाबद्दल चकार शब्द नाही, थेट गोष्टीतल्या सासूला शिव्या. किटमधला स्टँड पोराच्या टेबललॅम्पला लावलाय. माइक ओएलएक्सवर पाचशेला टाकलाय, अजून कोणी विचारलेलं नाही.